कृत्रिम गुडघा कसा डिझाइन करतात आणि कसा तपासतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गुडघे डिझाइन करतो आणि ते मोडेपर्यंत तपासतो, म्हणजे मांडीतून पाय गेलेल्या माणसांच्या कृत्रिम पायातले गुडघे. ऑपरेशन करून आत बसवतात तो गुडघा वेगळा, त्याबद्दल इथे काही नाही, तरी कुणीतरी विचारतंच. खालचे प्रश्न वापरणाऱ्यांचे, त्यांच्या घरच्यांचे आणि प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांचे आहेत, उत्तरं तोंडी देतो तशीच लिहिलीत.

गुडघा म्हणजे बिजागरीच ना, त्यात एवढं काय अवघड?

बिजागरीच आहे, पण दाराच्या बिजागरीवर कुणी उभं राहत नाही. टाच टेकल्यापासून तीच टाच परत टेकेपर्यंतचं चक्र साधारण एक-सव्वा सेकंदाचं, त्यातला ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. टाच टेकली की अख्ख्या अंगाचा भार गुडघ्यावर येतो, तेव्हा त्याने वाकायचं नाही, किंवा वाकायचंच असेल तर १५-२० अंश आणि तेही ब्रेक लावत लावत. मग पाऊल मागे गेलं, चवडा जमीन सोडायला लागला की त्याच गुडघ्याने एकदम मोकळं व्हायचं, ६० अंशांपर्यंत वाकायचं, आणि पुढची टाच टेकायच्या आत परत सरळ होऊन तयार राहायचं. हाडामांसाच्या पायात हे सगळं मांडीचे स्नायू सांभाळतात आणि आपल्याला कळतही नाही. कृत्रिम गुडघ्याला ओढणारे स्नायूच नसतात, माणसाकडे उरतो तो फक्त कमरेचा सांधा, म्हणजे वरून काठी हलवून खालची बिजागरी सांभाळायची असा प्रकार.

"गुडघा अचानक सुटतो" तेव्हा नक्की काय होतं?

आधी एक करून बघा. सरळ उभे राहा आणि तळहात मांडीच्या पुढच्या बाजूवर ठेवा, स्नायू मऊ लागेल. आता गुडघे थोडेसेच वाकवा. लगेच हाताखाली दगड झाल्यासारखं लागतं की नाही? पाय सरळ असताना जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या पुढून जातो आणि त्याला सरळच दाबून ठेवतो, स्नायूला काही काम नसतं. वाकवला की तोच जोर गुडघ्याच्या मागून जायला लागतो, त्याला आणखी वाकवू बघतो आणि ते अडवायला स्नायू ताठ होतो.

कृत्रिम पायात तो अडवणारा नाही. म्हणून जोराची ती रेघ गुडघ्याच्या मागे गेली आणि आत ब्रेक वगैरे काही नसेल, तर गुडघा मुडपतो आणि माणूस खाली. सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे टाच नुकतीच टेकलेली असते तो, कारण जोर टाचेतून सुरू होतो आणि टाच तर मागेच असते. त्यात उतार असेल, किंवा पायाखाली खडा आला आणि पाऊल पूर्ण टेकायच्या आत वजन टाकलं गेलं, की मग बघायलाच नको. सरावलेले लोक टाच टेकताना मांडी मागे दाबतात, त्याने गुडघा सरळ राहतो, पण हे दर पावलाला करायचं म्हणजे दिवसभरात हजारो वेळा, आणि संध्याकाळी थकल्यावर एक वेळ राहून जाते.

मग सांधा थोडा मागे सरकवला की प्रश्न मिटला ना?

उभं राहायचा मिटला, चालायचा सुरू झाला. सांधा जेवढा मागे तेवढा पाय भरवशाचा, पण चवडा सुटायच्या वेळी तोच गुडघा वाकायला तयार होत नाही. मग माणूस काय करतो, धडधाकट पायाच्या चवड्यावर उंच होतो, किंवा कृत्रिम पाय बाजूने कोयत्यासारखा फिरवून पुढे आणतो, किंवा कंबर उचलतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं सवय आहे, खरं तर गुडघा वाकत नाहीये. आणि असं वर्षानुवर्षं चाललं की कंबर आणि चांगला पाय दुखायला लागतात.

एका ट्रायलमधलं सांगतो. एक गृहस्थ समांतर बार सोडायलाच तयार नव्हते. प्रोस्थेटिस्टने, म्हणजे कृत्रिम पाय बसवून देणाऱ्याने, पिरॅमिड अडॅप्टरचा (पायाच्या भागांचा कोन बदलायचा जोड) एक ग्रब स्क्रू ढिला केला आणि समोरचा ॲलन कीने अर्धा फेरा आवळला, गुडघा किंचित मागे गेला, बस. गृहस्थ हात सोडून चालले, आम्ही सगळे खूश, आणि तिसऱ्या फेरीला बुटाचं टोक फरशीवर खर्र खर्र घासायला लागलं. पाव फेरा परत मागे घेतला तेव्हा दोन्ही जमलं. सगळा खेळ त्या पाव फेऱ्याचा, आणि आम्ही डिझाइनवाले ऑफिसात बसून महिनोन् महिने याच पाव फेऱ्यावर भांडत असतो.

फोर-बार किंवा पॉलिसेंट्रिक गुडघा म्हणजे काय, आणि त्याची एवढी स्तुती का?

एका पिनेऐवजी चार पिना आणि चार दांड्या. अशा सांध्याला ठरलेला एकच फिरण्याचा बिंदू नसतो, वाकत जातो तसा बिंदू सरकतो. डिझाइन करताना दांड्यांची लांबी अशी निवडायची की पाय सरळ असताना तो बिंदू वर आणि मागे असेल. मागे असल्यामुळे टाच टेकताना गुडघा सुटत नाही, वर असल्यामुळे कमरेच्या थोड्या जोरावर माणूस त्याला आवरू शकतो. आणि थोडा वाकला की बिंदू भराभर पुढे-खाली येतो, मग गुडघा मोकळा. म्हणजे वरच्या प्रश्नातलं भांडण बऱ्याच अंशी भूमितीनेच मिटतं, ना बॅटरी ना सेन्सर.

आणखी एक फायदा, वाकताना नडगीचा भाग किंचित आखूड होतो. साध्या चालण्यात पाऊल पुढे जाताना बुटाचं टोक आणि जमीन यांच्यात एक-दोन सेंटिमीटरच जागा असते, त्यामुळे इथे मिळालेला एकेक सेंटिमीटर सोन्याचा. ज्यांचा पाय गुडघ्याच्या सांध्यातूनच गेलाय, म्हणजे मांडी पूर्ण लांबीची आहे, त्यांनाही हाच बरा, कारण बसल्यावर दांड्या मांडीखाली दुमडल्या जातात आणि गुडघा पुढे भोपळ्यासारखा येत नाही.

स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूर फूटवाल्या संस्थेसोबत केलेला गुडघा याच जातीचा. तेल मुरवलेल्या नायलॉनचा, मोजक्या भागांचा, २००९ मध्ये टाइम मासिकाने वर्षातल्या ५० शोधांत धरला होता. मला त्यातलं आवडतं ते हे की हुशारी सगळी भूमितीत आहे.

तोटा म्हणाल तर पिना जास्त, त्यामुळे झिजायच्या जागा जास्त. प्रत्येक पिनेत केसभर खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला की चारही मिळून पाय डगमगायला लागतो.

बाकी प्रकार थोडक्यात सांगा ना.

हाताने लॉक करायचा: चालताना सरळ काठी, बसताना खटका ओढायचा, खूप वयस्क किंवा घाबरलेल्या माणसाला ठीक. सिंगल ॲक्सिस: एक पिन, हलका, दणकट, पण सगळी जबाबदारी माणसाची. वजनाने ब्रेक लागणारा: वजन पडलं की आत घर्षणाने धरतो, छान वाटतो, पण पाय पूर्ण रिकामा केल्याशिवाय सोडत नाही त्यामुळे पाऊल उशिरा निघतं आणि बसताना एका पायावर तोल सांभाळावा लागतो. मग हवेचे, तेलाचे आणि कॉम्प्युटरवाले, त्यांचं खाली येतंय.

निवड करताना तुम्ही कोणता प्रश्न विचाराल?

गोंधळला तर काय करतो? मी प्रत्येक गुडघ्याला हाच विचारतो. ठेच लागली, पाऊल अर्धवट पडलं, सेन्सरला काही कळेना, बॅटरी संपली, तेव्हा तो ताठ होतो का मोकळा सुटतो. काही गुडघे मुळात मोकळे असतात आणि टाच टेकल्याचं कळल्यावर धरतात. काही मुळात धरलेले असतात आणि चवडा सुटतोय याची खात्री पटली की तेवढ्यापुरतेच सोडतात. हान्स माउख नावाच्या इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जो तेलाचा गुडघा केला तो दुसऱ्या प्रकारचा: पाय मागे ताणला जाऊन गुडघा क्षणभर सरळ दिशेने दाबला गेला तरच तो सुटतो. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माझं स्पष्ट मत, चुकायचंच असेल तर ताठ होऊन चुकावं, लंगडत चाललेलं परवडलं.

एका वेगात छान चालता येतं, पण घाई केली की पाय मागेच राहतो, असं का?

कारण हवेतला पाय म्हणजे लंबक. नडगी आणि पाऊल मिळून जो लंबक होतो त्याची स्वतःची एक लय असते आणि साधा, कायम एकसारखं घर्षण असलेला गुडघा त्या एकाच लयीला सेट केलेला असतो. जोरात चाललात की टाच मागे फार वर उडते, पाय यायला उशीर होतो, आणि आला की शेवटी ठक्कन आपटतो. हळू चाललात तर पूर्ण सरळच होत नाही, आणि अर्धवट वाकलेल्या पायावर वजन टाकणं म्हणजे काय ते वर सांगितलंच. पुढे ढकलणारी स्प्रिंग थोडी मदत करते. हवेचा किंवा तेलाचा सिलिंडर जास्त करतो, कारण पिस्टन जितक्या जोरात हलवाल तितका तो जास्त अडतो, म्हणजे वेगाप्रमाणे विरोध आपोआप बदलतो.

हवेचा बरा की तेलाचा?

हवा दाबली जाते, त्यामुळे तो हलका आणि उसळता लागतो, पाय हवेतून पुढे येतो त्या टप्प्यात मस्त, पण अख्ख्या माणसाचं वजन धरायला कमी पडतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून उभ्या पायाला धरून ठेवू शकतं, आणि जिना उतरताना गुडघा हळूहळू खाली बसू देतं. बदल्यात वजन वाढतं, गळती होऊ शकते, आणि कडक थंडीत तेल घट्ट झालं की पहिली काही पावलं जड जातात.

मायक्रोप्रोसेसरवाला गुडघा आपणहून चालवतो का?

नाही! हा सगळ्यात मोठा गैरसमज. १९९७ मध्ये ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग आला, त्यातला कॉम्प्युटर सेकंदाला ५० वेळा गुडघ्याचा कोन आणि नडगीवरचा भार वाचायचा आणि तेलाची झडप किती उघडायची ते ठरवायचा. ठरवतो तो फक्त विरोध. ढकलत नाही, उचलत नाही, खुर्चीतून उठायला काडीची मदत करत नाही. काही मॉडेलमध्ये झडपेऐवजी लोखंडाचे बारीक कण असलेलं तेल असतं, चुंबक चालू केला की ते मिलिसेकंदांत घट्ट होतं. कल्पना देखणी आहे, पण काम तेच, विरोध कमी-जास्त करणं.

मग एवढं कौतुक कशाचं? तर वापरणाऱ्याचं डोकं रिकामं होतं. आमच्याकडे एक बाई ट्रायलला होत्या, दोन आठवड्यांनी आल्या आणि चालण्याच्या वेगाबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणाल्या, "आता चालता चालता फोनवर बोलते." वेगाच्या आकड्यात फरक जेमतेम होता.

मोटार लावलेले गुडघे पण आहेत, ते खरंच उचलतात. वजन, आवाज आणि चार्जिंग ही त्यांची दुखणी.

लॅबमध्ये मशीनवर नक्की काय करतात?

आयएसओ १०३२८ नावाचं स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे. गुडघा पायाच्या सांगाड्यात बसवायचा आणि मुद्दाम तिरका भार द्यायचा, एकदा टाच टेकल्यासारखा आणि एकदा चवड्यावर आल्यासारखा. माणसाच्या वजनाप्रमाणे भाराच्या पातळ्या आहेत, ६०, ८०, १०० किलो अशा. १०० किलोच्या पातळीला आधी २००० न्यूटनच्या वर भार देऊन ३० सेकंद धरायचा, काही कायमचं वाकायला नको. मग खरी परीक्षा, १२००-१३०० न्यूटनच्या आसपास भार, लावायचा-काढायचा, लावायचा-काढायचा, ३० लाख वेळा. सेकंदाला एक धरलं तर जवळजवळ ३५ दिवस मशीन अखंड चालू. त्या पायाने दिवसाला २५०० पावलं टाकणाऱ्या माणसाची ही सव्वातीन वर्षं झाली. आणि एवढं झाल्यावर त्याच नमुन्याला परत एकदा मोठा भार देतात, आत बारीक तडा गेला असेल तर तिथे उघडा पडतो.

आमचा एक नमुना साधारण आठ लाखांवर कुरकुरायला लागला. सगळ्यांचा संशय मेन पिनेवर, कारण कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये तिथेच लाल रंग होता. मी खोलून बघितलं तर पिन नवीकोरी, आणि तडा गेलेला खालच्या एका फालतू बोल्टच्या आट्यात, जिथे शेवटचा आटा संपून साधा दांडा सुरू होतो तिथे. ड्रॉइंगमध्ये मी कोपऱ्याला गोलाई द्यायला विसरलो होतो. एवढीच चूक, आणि तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी आधी बोल्ट बघतो, मग बाकीचं.

टेस्ट पास झाला म्हणजे माणूस पडणार नाही, बरोबर?

चूक. ती टेस्ट सांगते की गुडघा तुटणार नाही. पडण्याचा आणि तुटण्याचा संबंध फार कमी, बहुतेक पडणं हे अगदी धडधाकट गुडघ्यावर होतं. म्हणून दुसरा अर्धा भाग जमिनीवर तपासावा लागतो.

सुरुवात आमच्यापासूनच होते. धडधाकट माणूस आपला गुडघा मागे दुमडून एका साच्यात बांधतो आणि त्याखाली प्रोटोटाइप लावतो, त्याला बायपास अडॅप्टर म्हणतात. पहिल्यांदा घातला तेव्हा मी चार पावलांत घामाघूम झालो होतो, आणि त्या दिवसापासून "थोडं कमरेतून दाबा की" असं मी कुणाला सहज म्हणत नाही. यातून ढोबळ चुका कळतात, पण हे खऱ्या वापरणाऱ्याच्या जागी चालत नाही, कारण आपल्याला सगळे स्नायू आहेत आणि बांधलेला पाय लांब-बोजड होतो. पुढचा टप्पा खरा माणूस, समांतर बार, छताच्या रुळाला अडकवलेला हार्नेस, अंगावर चमकणारे ठिपके, भोवती कॅमेरे आणि फरशीत पुरलेल्या भार मोजणाऱ्या प्लेट. त्यावरून प्रत्येक क्षणी जोराची रेघ गुडघ्याच्या पुढे होती का मागे, आणि किती, ते काढता येतं.

मुद्दाम पाडतात म्हणे?

पाडत नाही, अडखळवतो. हार्नेस घालूनच, आणि माणसाला आधी सगळं सांगून, फक्त कधी ते सांगायचं नाही. घोट्याला दोरी असते, पाऊल पुढे जात असताना ती क्षणभर अडवायची आणि सोडायची. पाय अर्धवट वाकलेला, वजन पुढे झुकलेलं, आता गुडघा धरतो का? सरळ रस्त्यावर सुंदर चालणारे गुडघे इथे नापास होताना बघितलेत. मला विचाराल तर विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टमध्ये सरळ चालण्याचे ग्राफ कमी काढावेत आणि अडखळणं, वळणं, मागे एक पाऊल घेणं, खुर्चीत बसताना अर्ध्यात थांबणं हे जास्त तपासावं.

माणसांवरच्या टेस्टमध्ये काय मोजता?

खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, येऊन बसायचं, घड्याळ लावून. दोन किंवा सहा मिनिटांत किती अंतर कापलं. उतार आणि जिना कसा उतरतो, कठडा धरला का. तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन किती लागला तेही, कारण मांडीतून पाय गेलेला माणूस तेवढंच अंतर जायला जास्त दमतो. आणि प्रश्नावली, की अमुक करताना स्वतःवर किती भरवसा वाटतो.

एक चूक सगळेच करतात, नवीन गुडघा बसवला आणि त्याच दिवशी मोजला. असं केलं की जुनाच जिंकणार, शरीराला त्याच्या खोडी पाठ असतात. काही आठवडे वापरू द्या, मग मोजा.

हलका गुडघा म्हणजे चांगला गुडघा का?

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघा. पाऊल-घोट्याजवळचे २०० ग्रॅम कमरेला जेवढे जाणवतात तेवढे गुडघ्याजवळचे जाणवत नाहीत. त्यामुळे बॅटरी वगैरे शक्य तितकी वर ढकलतो. आणि सॉकेट, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते तो साचा, ढिलं असेल तर हलका पायपण जड वाटतो.

जमिनीवर बसता येईल का?

साध्या खुर्चीला ९०-१०० अंश पुरतात, उकिडवं बसायला १३०च्या पुढे लागतात, आणि बरेच गुडघे तिथवर जातच नाहीत, किंवा मागे सॉकेटच आडवं येतं. विकत घेताना हा आकडा विचाराच. पाय आडवा घेऊन बसायचं असेल तर गुडघ्याच्या वर एक फिरकी अडॅप्टर लावतात, बटण दाबलं की नडगी फिरते. पूर्ण वाकलेल्या स्थितीत वजन टाकायची टेस्ट वेगळी असते, ती झालीये का तेही विचारा.

थ्रीडी प्रिंट करून घरी बनवू का?

मॉडेल म्हणून, दांड्यांची भूमिती कळायला, जरूर बनवा, मी स्वतः तसंच करतो. त्यावर उभं राहू नका. थर एकमेकांपासून सुटतात आणि ते हळूहळू सांगून होत नाही.

महागडा गुडघा लावला तरी पडतोय, काय चुकलं?

आधी सॉकेट. स्टंप, म्हणजे मांडीचा उरलेला भाग, दिवसभरात बारीक-जाड होतो, सॉकेट ढिलं झालं की माणसाने कमरेतून दिलेला इशारा गुडघ्यापर्यंत पोचतच नाही, मध्येच विरतो. मग अलाइनमेंट, म्हणजे पायाचे भाग एकमेकांवर कोणत्या कोनात बसवलेत ते. मग शिकवणं, कारण तेलाच्या गुडघ्यावर वजन सोडून जिना उतरायचं हे शरीराला पटत नाही, आधीच्या गुडघ्याने उलटंच शिकवलेलं असतं. गुडघ्याचा नंबर चौथा.

टक्-टक् आवाज येतोय, काळजीचं आहे का?

कधी येतो ते ऐका. पाय पुढे येऊन सरळ होताना येत असेल तर बहुतेक आतला रबरी बंपर झिजलाय किंवा विरोध कमी पडतोय. टाच टेकताना येत असेल तर कुठेतरी खेळ आलाय, बुश किंवा स्क्रू, आणि हे थांबवून ठेवायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवा. स्वतः ॲलन की घेऊन आवळत बसू नका, तो पाव फेरा आठवा. आणि दाखवायला जाताना रोज वापरता तेच बूट घाला. टाचेची उंची एक सेंटिमीटर वाढली की नडगी पुढे कलते, गुडघा जोराच्या रेघेच्या पुढे येतो, आणि घरी नीट चालणारा पाय तिथे जाऊन सुटायला लागतो, मग प्रोस्थेटिस्ट बिचारा नसलेला दोष शोधत बसतो.